सामानाला बेल्ट लावला का?

ट्रिपला निघताना गाडी कोणाची आणि चालवणार कोण, हे सगळे विचारतात. बॅगा, बाटल्या, ट्रायपॉड आणि येताना घेतलेला फणस गाडीत कुठे जाणार, हे मात्र कोणीच विचारत नाही.

ग्रुपवर ट्रिप ठरते तेव्हा चर्चा कशावर होते? टोलचे पैसे कोण भरणार, प्लेलिस्ट कोणाची, पहिला नाश्ता कुठे. सामान कुठे ठेवायचं यावर एकही मेसेज नसतो. मग शनिवारी पहाटे पाचला सोसायटीच्या गेटसमोर गाडी उभी राहते आणि ज्याला जिथे जागा दिसेल तिथे तो आपली बॅग कोंबतो. चिप्सची पाकिटं डॅशबोर्डवर, पाण्याची बाटली पायाशी, लॅपटॉपची सॅक मागच्या काचेखालच्या ट्रेवर (कारण रविवारी रात्री असाइनमेंट अपलोड करायची असते!) आणि स्पीकर कोणाच्या तरी मांडीवर. दार बंद, फोटो स्टोरीला, निघाली गाडी.

रस्ता सुरक्षेवरचं सगळं ज्ञान आपल्याकडे ड्रायव्हरला दिलं जातं. वेग कमी ठेव, ओव्हरटेक करू नको, झोप आली तर थांब. बरोबरच आहे ते. पण गाडीत पसारा ड्रायव्हर करत नाही. त्याचे दोन्ही हात बिझी असतात. पसारा करतात उरलेले चौघे. म्हणून हा लेख मुख्यतः त्या चौघांसाठी आहे, म्हणजे लायसन्स नसलं तरी वाचा.

लिहायच्या आधी मी आमच्या कॉलेजच्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांतून आत डोकावून आले. (वॉचमनकाकांना सांगून.) मागच्या ट्रेवर काय काय असावं? स्टीलची बाटली, ड्राफ्टर, बाइकचं हेल्मेट, छत्री, एका गाडीत चक्क डंबेल. समोर डॅशबोर्डवर परफ्यूमची काचेची बाटली, गॉगल, डिओचा कॅन. कोणाच्याही घरातलं टेबल असंच दिसतं. फरक एवढाच की टेबल ताशी ऐंशीच्या वेगाने पळत नाही.

अकरावीचं फिजिक्स आठवा. गाडी ५० किलोमीटरच्या वेगाने जात असेल तर गाडीतली प्रत्येक सुटी वस्तूही ५०च्याच वेगाने जात असते. गाडी कशावर तरी आदळून थांबली तरी त्या वस्तूला थांबायला कोणी सांगितलेलं नसतं. ती त्याच वेगाने पुढे जात राहते, समोर काच, सीट किंवा डोकं येईपर्यंत. हा वेग म्हणजे किती, तर जवळपास दहा मीटर उंचीवरून खाली पडलेल्या वस्तूचा जमिनीवर आदळतानाचा वेग. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कोणीतरी भरलेली स्टीलची बाटली सोडली आणि तुम्ही खाली उभे आहात. एक्स्प्रेस वेवर १०० चा वेग असेल तर मजला तेरावा होतो. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते, हे गणित सोडवायला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

आता तो मागच्या काचेखालचा ट्रे बघा. हॅचबॅकमध्ये त्याला पार्सल ट्रे म्हणतात आणि नावामुळेच घोटाळा होतो. तो पार्सल ठेवायला नाहीये. डिकीतलं सामान बाहेरून दिसू नये म्हणून असलेलं ते एक झाकण आहे, बऱ्याच गाड्यांत दोन दोऱ्यांवर लटकलेलं. त्याला कडा नाहीत, कुलूप नाही, आणि त्याची उंची मागे बसलेल्यांच्या मानेजवळ येते. त्यावर ठेवलेल्या वस्तूला पुढे यायला काहीही अडवत नाही. फक्त मागे बसलेल्याचं डोकं अडवतं.

आणि यासाठी अपघातच व्हायला हवा असं नाही. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना वळणावर समोर गाय उभी दिसली आणि करकचून ब्रेक मारला, एवढं पुरे. त्या वेळी सगळ्यात घातक वस्तू डंबेल नसते. ती असते अर्धी रिकामी, गोल, हलकी पाण्याची बाटली. मागच्या प्रवाशाच्या पायाशी ठेवलेली बाटली ड्रायव्हरच्या सीटखालून घरंगळत पुढे जाते आणि ब्रेकच्या पेडलमागे जाऊन बसते. पुढच्या वळणावर ड्रायव्हर पाय दाबतो आणि पेडल खाली जात नाही. घाटात. उतारावर.

असं झालंच तर ड्रायव्हरने खाली वाकून बघायचं नाही, कारण नजर रस्त्यावरून गेली की स्टिअरिंगही जातं. पायाने बाटली बाजूला ढकलायची, गिअर एकेक करून खाली आणायचे, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढायचा. ज्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण आहे, त्यांतल्या अनेक गाड्यांत ते बटण धरून ठेवलं की गाडी थांबते. पण हे सगळं सांगण्यापेक्षा बाटली दाराच्या कप्प्यात ठेवणं किती सोपं आहे! कंपन्या प्रत्येक दारात एक लिटरच्या बाटलीची जागा देतात आणि आपण तिथे टोलच्या पावत्या, चॉकलेटचे कागद आणि एक चपटा झालेला मास्क साठवतो. ड्रायव्हरच्या सीटखाली काहीच ठेवायचं नाही, चप्पलसुद्धा नाही. अनवाणी गाडी चालवायची सवय असलेल्या मित्राची चप्पल कोणीतरी मागे घ्या.

पायाखालच्या मॅटचंही तसंच. कंपनीची मॅट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर दुसरी मॅट टाकायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. वरची मॅट सरकते आणि पेडलपाशी गोळा होते. हे छोटं वाटत असेल तर एक उदाहरण देते. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, कारण सुटी किंवा चुकीची मॅट सरकून ॲक्सिलरेटरचं पेडल तिच्यात अडकण्याची भीती होती. ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट हवी आणि ती खालच्या हुकात अडकवलेली हवी.

बाप्पा, बॅग आणि एअरबॅग

डॅशबोर्डवर डाव्या बाजूला बारीक अक्षरांत ‘एसआरएस एअरबॅग’ असं कोरलेलं असतं. त्या झाकणाच्या आत घडी घालून ठेवलेली पिशवी असते. धडक झाली की ती पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या वीसाव्या-तिसाव्या भागात बाहेर येते. तिचा वेग ताशी २००-३०० किलोमीटरच्या घरात असतो. झाकण फाटतं किंवा उघडतं आणि त्यावर जे काही चिकटवलेलं असेल ते समोर बसलेल्याच्या तोंडावर येतं.

आपल्याकडे त्या जागी बऱ्याचदा गणपती बाप्पा असतो. मूर्ती काढा असं घरी सांगून बघा, काय होतं ते! मला वाटतं, वाद घालण्यापेक्षा जागा बदलून द्यावी. मूर्ती लहान आणि हलकी हवी, मधोमध, एअरबॅगच्या झाकणापासून लांब आणि पक्की बसवलेली. धातूच्या किंवा संगमरवरी मूर्तीऐवजी सपाट चित्र लावलं तर आणखी चांगलं. बाबांना ‘श्रद्धा नको’ म्हणायचं नाही, ‘इथे एअरबॅग आहे’ एवढंच दाखवायचं. झाकणावरची अक्षरं वाचायला दिली की बहुतेक जण ऐकतात. परफ्यूमच्या बाटलीला, मोबाइल होल्डरला आणि ‘नॉन स्लिप’ म्हणून घेतलेल्या चिकट पॅडलाही हाच नियम.

याच झाकणावर पाय टाकून बसलेल्या माणसाचे फोटो इन्स्टावर फार छान दिसतात. पिशवी उघडली तर गुडघे चेहऱ्याकडे येतात आणि मोडतात ती पायाची, मांडीची आणि खुब्याची हाडं. शेजारी बसणाऱ्याने सीट आडवी करून झोपणं तर आणखी फसवं आहे, कारण बेल्ट लावलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं सगळं ठीक आहे. बेल्टचा आडवा पट्टा कमरेच्या हाडावर आणि तिरका पट्टा खांद्यावरून छातीवर टेकलेला असेल तरच तो काम करतो. सीट मागे पाडली की तिरका पट्टा छातीपासून लांब हवेत राहतो. धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि आडवा पट्टा पोटात रुततो. रात्रभर अभ्यास करून आलेल्याला झोपायचंच असेल तर सीट सरळ ठेवून झोपू दे. मान अवघडेल, पण ते चालेल.

बऱ्याच नव्या गाड्यांत सहा एअरबॅगा असतात. त्यांतल्या दोन पुढच्या सीटच्या कडेला, दोन छताच्या कडेला खिडक्यांच्या वर. सीटवर घट्ट कव्हर शिवून घेतलं तर कडेची एअरबॅग कव्हरमध्येच अडकू शकते. छताजवळच्या हुकावर हँगरसकट शर्ट लटकवला (प्लेसमेंटच्या दिवशी हे हमखास होतं) तर पडद्यासारखी खाली येणारी एअरबॅग तो हँगरच प्रवाशाकडे ढकलते. हुकावर हलका कपडा चालतो, हँगर नाही आणि खिशात जड काही नाही. हे सगळं गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये असतं, बहुधा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो ग्लव्ह बॉक्सही गाडी चालू असताना बंदच ठेवायचा, कारण उघडं झाकण नेमकं शेजारच्याच्या गुडघ्यासमोर येतं.

त्याच ग्लव्ह बॉक्समध्ये डिओचा कॅन आणि लायटर असतो का बघा. कॅनवर ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका असं छापलेलं असतं. बाहेर ३५ अंश असताना उन्हात बंद उभी असलेली गाडी तासाभरात आतून पन्नाशी ओलांडू शकते आणि डॅशबोर्ड त्याहून जास्त तापतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात काय होत असेल याचा अंदाज तिकडच्या वाचकांना मी सांगायला नको. कॅन, लायटर आणि पॉवर बँक बीचवर जाताना सोबत न्या, निदान सावलीत तरी ठेवा.

चार्जिंगच्या गोल सॉकेटबद्दल दोन वाक्यं. त्याच्या झाकणावर बहुधा १२ व्होल्ट, १२० वॅट असं लिहिलेलं असतं, म्हणजे मोबाइल, फार तर गादीत हवा भरायचा छोटा पंप. इन्व्हर्टर लावून मॅगीची केटली चालवायला गेलात तर फ्यूज उडेल, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालणारा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर त्याला आवरा.

सगळ्यात जड सुटी वस्तू

आतापर्यंत बाटल्या आणि मूर्त्यांबद्दल बोललो. गाडीतली सगळ्यात जड सुटी वस्तू म्हणजे मागे बसलेला, बेल्ट न लावलेला, ६५ किलोचा तुमचा मित्र. तो पुढच्या सीटवर आदळतो तेव्हा पुढच्याचा बेल्ट आणि एअरबॅग दोन्ही असूनही मागून येणाऱ्या वजनाला उत्तर नसतं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या सीटवर बसलेले सहप्रवासी दगावले. त्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, एअरबॅगा भरपूर होत्या. त्यानंतर काही दिवस सगळे मागेही बेल्ट लावत होते. आता परत ‘मागे कशाला?’ सुरू झालंय. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे, हे त्या अपघाताच्या आधीपासूनचं आहे.

बेल्ट न लावता बझर बंद करायची क्लिप ऑनलाइन मिळायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना ती काढायला लावली, तेव्हा १३,११८ लिस्टिंग हटवल्या गेल्या. ही क्लिप कोणाच्या गाडीत दिसली तर काढून खिशात टाका, मी सांगितलं म्हणून सांगा. बझर कधीकधी बॅगेमुळेही वाजतो. पुढच्या सीटवर जड सॅक ठेवली की गाडीला तिथे माणूस बसलाय असं वाटतं. तेव्हा सॅकला बेल्ट लावा. खरंच लावा, बझरसाठी नाही, सॅकसाठी. मागे तिघांच्या जागी दोघेच असतील तर रिकाम्या जागेवरची बॅगही तिसऱ्या बेल्टने बांधता येते.

सोयी कोणाच्या हातात?

टचस्क्रीन, मॅप, एसी, गाणी. ८०च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. स्क्रीनवर गाणं शोधायला तीन सेकंद लागले तर साधारण तीन क्रिकेट पिच एवढं अंतर ड्रायव्हर न बघता गेला. म्हणून शेजारच्या सीटवर बसणं ही ड्युटी आहे. स्क्रीन त्याची, मॅप त्याचा, ड्रायव्हरच्या फोनवर आलेला आईचा कॉलही त्यानेच घ्यायचा. टपरीवरून उघड्या कागदी कपात कटिंग घेऊन गाडीत चढायचं नाही. कपहोल्डर कप धरतो, चहा धरत नाही. मांडीवर गरम चहा सांडलेला ड्रायव्हर गाडी कुठेही नेऊ शकतो. पाच मिनिटं टपरीवरच उभे राहा, तशीही ट्रिपची चांगली गप्पा तिथेच होते.

सनरूफमधून बाहेर उभं राहायचं नाही, यावर मी वेगळा परिच्छेद लिहिणार नाही. क्रूझ कंट्रोल घाटात आणि पावसात बंद.

कुलूप मात्र नीट समजून घ्या. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही माणसं पाण्यात अडकलेल्या, दारं-काचा बंद असलेल्या गाड्यांमध्येच गुदमरून गेली. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा नुकते जन्मले होते किंवा जन्मलेही नव्हते. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत वीज गेली तरी सेंट्रल लॉक हाताने उघडता येण्याची सोय बंधनकारक झाली. तुमच्या गाडीत ती कुठे आहे, हे गाडी उभी असताना एकदा करून बघा. मागच्या दारांच्या कडेला चाइल्ड लॉकचा छोटा खटका असतो. भाचरं फिरवून आणलेल्या गाडीत तो लावलेलाच राहतो आणि मग मागचे तिघे आतून दार उघडू शकत नाहीत. निघायच्या आधी दोन्ही दारं उघडून खटका बघायला दहा सेकंद लागतात.

काच फोडायची हातोडी घेतलीत तर उत्तम, पण ती डिकीत ठेवून काय उपयोग? ती पुढच्या दाराच्या कप्प्यात, घट्ट बसेल अशी हवी. नाहीतर तीही एक उडणारी वस्तू झाली. मारायची बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण निखळत नाही. हेडरेस्ट काढून काच फोडायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. हेडरेस्ट त्यासाठी बनवलेला नसतो. तो मानेसाठी असतो, आणि तो कानांच्या उंचीवर आणलेला असेल तरच मान वाचवतो.

आणि आता फणस

सीएनजी गाडीवाल्यांची अडचण खरी आहे. अर्धी डिकी सिलिंडर खातो, त्यामुळे बॅगा आपसूक माणसांत येतात. २०२३ मध्ये टाटाने अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवले, ते याचसाठी. तुमच्याकडे जुनी पद्धत असेल तर सामान कमी करणं हाच उपाय. चाकांच्या ट्रॉली बॅगऐवजी कापडी सॅक न्या, त्या चेपतात. सात सीटच्या गाडीत सातही जण बसले तर जागा आणखी कमी. अर्टिगात तिसरी रांग वापरली की डिकी २०९ लिटरची उरते, म्हणजे सात जणांच्या बॅगा मावणारच नाहीत. मग त्या छतापर्यंत रचल्या जातात आणि ड्रायव्हरचा मधला आरसा निकामी होतो.

रचायचं कसं? सगळ्यात जड वस्तू सगळ्यात खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकून. हलकी वर. सीटच्या पाठीच्या उंचीच्या वर काही जाऊ द्यायचं नाही. सीट आडवी करून परत उभी केली असेल तर तिचा खटका ‘टक’ वाजलाय ना हे हाताने ओढून बघा, कारण मागचं सगळं वजन त्याच खटक्यावर थांबणार असतं.

जाताना हे सगळे पाळतीलही. येताना कोणी पाळत नाही. सगळे दमलेले, सोमवारी लेक्चर, आणि सामान वाढलेलं. आंब्याची पेटी, कोकम सरबताच्या काचेच्या बाटल्या, चार नारळ आणि कोणाच्या तरी मावशीने प्रेमाने दिलेला आठ किलोचा फणस. डिकी भरलेली म्हणून फणस ट्रेवर. साठच्या वेगाला तो चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडलेला फणस आहे. त्याला मागच्या प्रवाशाच्या पायाशी, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, दोन्ही बाजूंनी सॅक लावून अडकवा. पण शेजारच्या सीटमागे, ड्रायव्हरच्या मागे नाही. सरबताच्या बाटल्या ओल्या टॉवेलांत गुंडाळून डिकीत तळाशी घाला. त्यामुळे ते टॉवेल खिडकीत वाळत घालायचा आणि डावा आरसा झाकायचा प्रश्नही मिटतो.

सेल्फ ड्राइव्हची गाडी असेल तर परत देताना मीटर आणि ओरखड्यांचे फोटो काढाल तेव्हा ड्रायव्हरच्या सीटखालीही एकदा हात घाला. आणि पुढच्या वेळी गाडी ताब्यात घेताना सगळ्यात आधी तिथेच हात घाला. आधीच्या ग्रुपची बाटली बऱ्याचदा तिथे असते.